पाच सूत, तीन सूत आणि माईकचा स्टँड: आटे का जुळत नाहीत?

सोलापुरात 'सूत' म्हटलं की आधी डोळ्यासमोर कोन येतो, धागा गुंडाळलेली शंकूसारखी रीळ. टॉवेलचं सूत, चादरीचं सूत. पण हार्डवेअरच्या दुकानात गेलात की तोच शब्द माप होतो. आठ सूत म्हणजे एक इंच. 'तीन सूती बोल्ट द्या' म्हटलं की दुकानदार ३/८ इंचाचा बोल्ट काढतो, 'पाच सूती' म्हटलं की ५/८ इंचाचा. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, तरी गल्ल्यावरची भाषा अजून सुताचीच आहे. माईकच्या स्टँडच्या आट्यांचा गोंधळ समजून घ्यायला ही भाषा फार उपयोगी पडते, कारण हा सगळा गोंधळ मुळात पाच सूत आणि तीन सूत यांच्यातलाच आहे.

मला तो समजला एका कीर्तनामुळे. आमच्या पेठेतल्या मंदिरात साउंडचं काम मी हौसेनं बघतो. त्या दिवशी माईक धरणारी नेहमीची क्लिप कुठेतरी हरवली होती, म्हणून दुसऱ्या डब्यातली काढली. ती स्टँडवर ठेवली तर आटे धरतच नव्हते, भोक मोठं आणि स्टँडचा खिळा, म्हणजे टोकाचा आटे पाडलेला दांडा, बारीक. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं. खिळ्यावर इन्सुलेशन टेपचे वेढे दिले, क्लिप दाबून बसवली आणि देवाचं नाव घेतलं. पूर्वरंग निभावला. उत्तररंगात माईक हळूहळू पुढे झुकला आणि बुवांच्या समोर आडवा झाला. बुवांनी तो काढून हातात धरला आणि कीर्तन पुढे नेलं, पण कीर्तनकाराचा एक हात अडकला की अर्धं कीर्तन अडकतं. ते मला लागलं. दोन वेगळे आटे जोडणाऱ्या एवढ्याशा पितळी बुशीसाठी हे व्हायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात स्टँडचा वरचा तुकडा आणि क्लिप घेऊन गेलो. मापं घेतली. खिळा तीन सूत, क्लिपचं भोक पाच सूत. म्हटलं, सोपं आहे. दुकानदाराने पाच सूती बोल्ट दिला, क्लिपमध्ये घालून बघितला. अर्धा वेढाही गेला नाही. दुसरा दिला, तोही नाही. 'नाही की ओ बसत. माप तर पाचच आहे,' तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही बोल्टकडे बघत राहिलो.

माप पाचच होतं, हे खरं. पण आट्याला एका मापाने ओळखता येत नाही. दोन मापं लागतात.

हे सोलापूरकराला समजावणं सर्वात सोपं. कापड विकत घेताना नुसता पन्हा सांगून भागतं का? पन्हा म्हणजे रुंदी. त्याच पन्ह्याचं कापड विरळ असतं आणि दाटही असतं. म्हणून लूमवाला रीड-पिक सांगतो: इंचात उभे धागे किती, आडवे किती. पन्हा एक असून रीड-पिक वेगळं असेल तर ते कापडच वेगळं. आट्यांचंही तसंच. बोल्टची जाडी हा पन्हा, आणि इंचात आटे किती हे रीड-पिक. जाडी जुळली आणि इंचातली संख्या जुळली नाही, तर नट आणि बोल्ट एकमेकांचे नाहीत.

आता माईकच्या क्लिपमधले पाच सूती आटे इंचाला २७ असतात. हार्डवेअरच्या पाच सूती बोल्टाचे आटे इंचाला ११. एकाचं अंतर ०.९४ मिलीमीटर, दुसऱ्याचं २.३१. अडीचपट जाड घाट (आट्याचा आकार) असलेला बोल्ट त्या बारीक आट्यांत जाणार कसा? दुकानदाराची चूक नव्हती. ५/८ इंचाला २७ हा आटा सर्वसाधारण यंत्रांच्या यादीत नाहीच, अमेरिकन प्रमाणात तो 'स्पेशल' म्हणून नोंदला जातो. हार्डवेअरच्या दुकानात त्याचा नट, बोल्ट किंवा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) सहसा मिळत नाही. 'पाच सूत म्हणजे पाच सूत' असं समजून फिरणाऱ्याचा सगळा दिवस जातो. माझा गेला.

एवढे बारीक आटे का, याचं उत्तर स्टँड हातात घेतलात की दिसतं. स्टँडची दांडी पोकळ नळी असते. आटा जितका मोठा तितका तो धातूत खोल जातो. इंचाला ११ आटे पाडायचे तर प्रत्येक बाजूने जवळजवळ दीड मिलीमीटर धातू खोदावा लागतो, पातळ नळीची भिंतच संपून जाईल. २७ आट्यांना जेमतेम ०.६ मिलीमीटर खोली पुरते. बारीक आट्याचा आणखी एक गुण म्हणजे तो कंपनाने लवकर सुटत नाही. दोष मात्र एकच आणि मोठा: सुरुवातीला जरा वाकडा बसला तर लगेच आट्यावर आटा तिरका चढतो, आणि एकदा असा चढलेला बारीक आटा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

माईकच्या जगात मुख्य तीन आटे आहेत, बाकीचे क्वचित. पहिला हा पाच सूत–२७, अमेरिकेतून आलेला. बहुतेक क्लिपांच्या आत हाच असतो. शूअर एसएम ५८ सोबत येणारी क्लिप याच आट्याची, आणि तिच्याबरोबर ३/८ ची बुशही कंपनी देते, कारण जगातले अर्धे स्टँड दुसऱ्या आट्याचे आहेत हे त्यांना माहीत आहे. दुसरा तीन सूत–१६, म्हणजे ३/८ इंच, इंचाला १६ आटे. युरोपातले स्टँड बहुधा याचे. जर्मनीतली क्योनिग अँड मायर ही १९४९ पासूनची स्टँड बनवणारी कंपनी एकच स्टँड युरोपासाठी ३/८ मध्ये आणि अमेरिकेसाठी ५/८ मध्ये विकते. तिसरा दोन सूत–२०, म्हणजे १/४ इंच, इंचाला २० आटे. हा मुळात कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा. पण आता हातातले रेकॉर्डर, मोबाईलचे होल्डर, छोटे एलईडी लाईट, सगळ्यांच्या बुडाला हाच असतो, त्यामुळे माईकवाल्याच्या डब्यातही तो येऊन बसला.

हे तिन्ही मोजपट्टीशिवाय ओळखता येतात, तेही साउंडवाल्याच्या डब्यात असतातच अशा वस्तूंनी. कॉर्डलेस माईकचा मोठा पेन्सिल सेल, एए, साडेचौदा मिलीमीटर जाड असतो. पाच सूत म्हणजे १५.९ मिलीमीटर, म्हणजे त्याहून थोडा जाड. छोटा एएए सेल साडेदहा मिलीमीटर, आणि तीन सूत साडेनऊ, म्हणजे त्याहून थोडा बारीक. दोन सूत तर पी-३८ जॅकच्या दांडीएवढा, कारण ती दांडीही १/४ इंचाचीच, ६.३५ मिलीमीटर. खिळ्याशेजारी सेल किंवा जॅक धरला की जाडी कळली. अंधारात, स्टेजच्या मागे, एका बोटानेही कळते.

आता इंचातली संख्या. यासाठी लेथवाल्याकडे पिच गेज असतं, पात्यांचा जुडगा, एकेका पात्याला दाते. पण मला ते मोजायला शिकवलं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम चालवणाऱ्या माझ्या चुलत्याने. मी बोल्टची कहाणी सांगत होतो, त्यांनी खिशातून पिक ग्लास काढला. कापडाचे धागे मोजायचं ते घडीचं भिंग, खाली बरोबर एक इंचाची खिडकी. ते स्टँडच्या आट्यांवर ठेवून त्यांनी सुईच्या टोकाने धागे मोजावेत तसे आटे मोजले. आटे पूर्ण इंचभर नव्हते, म्हणून अर्ध्या इंचातले मोजले. आठ. म्हणजे इंचाला सोळा. मग क्लिपचं भोक. आतले आटे भिंगातून दिसत नाहीत, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी आत घालून बोटाने दाबली, बाहेर काढून उलगडली आणि उमटलेल्या रेघा मोजल्या. अर्ध्या इंचात साडेतेरा. म्हणजे सत्तावीस. 'तुझी क्लिप बारीक रीडची आहे,' काका म्हणाले. मला आयुष्यात याहून चांगलं स्पष्टीकरण कुणी दिलेलं नाही.

पिक ग्लास नसेल तर बाहेरच्या आट्यांवर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. शाळेच्या पट्टीवर अर्धा इंच बघा: आठ रेघा म्हणजे १६, दहा रेघा म्हणजे २०, साडेतेरा म्हणजे २७. संख्या एवढ्या लांब लांब आहेत की चुकण्याची भीती नाही.

खरा धोका आहे तो दिसायला सारख्या असणाऱ्यांचा. पहिला म्हणजे १० एमएमचा बोल्ट आणि नट. तीन सूत आणि दहा एमएम शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. दहा एमएमचे आटे दीड मिलीमीटर अंतराने, तीन सूतचे १.५९. फरक एका आट्याला दशांश मिलीमीटरपेक्षाही कमी. म्हणून दहा एमएमचा नट तीन सूती खिळ्यावर चढतो, ढिला बसतो, दोन-तीन वेढे आनंदाने फिरतो आणि मग अडतो, कारण तो छोटा फरक प्रत्येक आट्याला साठत गेलेला असतो. इथे माणूस पान्हा आणतो. पान्ह्याने तो आणखी दोन वेढे जातोही, पण आटे मारून. पुढच्या वेळी खरा तीन सूती नटही त्या खिळ्यावर बसत नाही. हाताने फिरवताना मध्येच घट्ट झालं तर तो 'टाईट' झाला असं समजू नका, तो चुकीचा आहे. दोन सूत आणि ६ एमएममध्ये हेच होतं, फक्त लवकर कळतं, एक-दीड वेढ्यातच.

दुसरा फसवणारा नळाचा. नळफिटिंगच्या दुकानात '३/८' नावाचा नट मिळतो आणि तो हातात घेतला तर माईकच्या पाच सूतासारखा दिसतो. कारण पाईपचं माप जुन्या पद्धतीने आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. ३/८ पाईपचा बाहेरचा आटा १६.६६ मिलीमीटर, इंचाला १९. माईकच्या पाच सूती खिळ्यावर तो डुलतो, धरल्यासारखा वाटतो आणि वजन आलं की निसटतो. 'प्लंबिंगचं चालतं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

एक सोपी कसोटी माझ्या उपयोगी पडते: वेढे मोजा. पाच सूत–२७ ची क्लिप सेंटीमीटरभर खाली जायला दहा-अकरा वेढे घेते. तीन सूत–१६ ची सहा. एवढे वेढे मऊ, सारख्या जोराने फिरले तर आटे जुळलेत. दोन-तीन वेढ्यांत अडलं तर उतरवा.

हे एवढे वेगवेगळे आटे आले कुठून, ते थोडक्यात. आधी प्रत्येक कारखान्याचा आपला आटा असायचा. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरावीक जाडीला ठरावीक आटे अशी यादी मांडली, ५५ अंशांच्या घाटाची. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा घाट सुचवला. दोघांच्या यादीत दोन सूताला २० आणि तीन सूताला १६ हे आकडे एकच निघाले. म्हणून घाटाचा कोन वेगळा असूनही हे दोन आटे दोन्हीकडचे एकमेकांत बसतात आणि आजवर टिकले. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून ६० अंशांवर एकमत केलं. पुढे कॅमेऱ्यांच्या जागतिक प्रमाणातही हेच दोन आटे राहिले. मिलीमीटरने चालणाऱ्या जर्मनीत माईकचा स्टँड इंचाच्या आट्याचा का, याचा धागा इथवर जातो.

आणि यातूनच सोलापुरात राहणाऱ्या माणसाच्या कामाची गोष्ट निघते. तीन सूताला १६ हा आटा आपल्या हार्डवेअरमधला नेहमीचाच आटा आहे. म्हणजे युरोपियन पद्धतीच्या स्टँडला लागणारा नट, बोल्ट, स्टड (बिनडोक्याचा आटेदार दांडा), डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) हे सगळं कुठल्याही पेठेत मिळतं. पाच सूत–२७ चं काहीच मिळत नाही. मी हे समजल्यापासून एकच धोरण ठेवलं आहे: स्टँड सगळे तीन सूती, आणि प्रत्येक क्लिपच्या आत बुश कायमची बसवलेली. मग कुठलीही क्लिप कुठल्याही स्टँडवर. पुण्या-मुंबईचे लोक उलट सांगतील, अमेरिकन क्लिपा जास्त म्हणून स्टँड पाच सूती ठेवा म्हणतील. त्यांच्या गल्लीत २७ चा माल मिळत असेल. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत रात्री नऊ वाजता होम मैदानावर खिळा तुटला, तर सकाळी दुकान उघडल्यावर मिळेल तो तीन सूतीच.

बुश म्हणजे बाहेरून पाच सूत–२७ आणि आतून तीन सूत–१६ असलेली आखूड नळी. विकत घेताना तीन गोष्टी बघा. पितळी असेल तर उत्तम, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची ठिसूळ असते आणि तिचे आटे भुगा होऊन पडतात. वर कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, असेल तर ती क्लिपमध्ये खोल बुडत नाही. आणि तोंडावर पैशासाठी खाच असावी, रुपयाचं नाणं घालून फिरवता येईल अशी. उलटा प्रकारही असतो, खाली तीन सूताचं भोक आणि वर पाच सूताचा खिळा, टोपीसारखा स्टँडवर बसणारा. तो उंची वाढवतो आणि जोडावर ताण आणतो. बूमच्या, म्हणजे स्टँडच्या आडव्या दांडीच्या, टोकाला जड कंडेन्सर माईक असेल तर मी तो वापरत नाही. दुकानात मागताना नुसतं 'अ‍ॅडाप्टर द्या' म्हणू नका. स्टँडला बाहेरचे आटे किती सूत, क्लिपला आतले किती, असं सांगा. किंवा सरळ दोन्ही वस्तू घेऊन जा.

बुशीचं दुखणं एकच: स्टँडवरून क्लिप काढायला जावं तर कधी क्लिप बुशीवरून सुटते आणि बुश स्टँडवरच राहते. आतला आणि बाहेरचा असे दोन आटे एकाच वेळी फिरायला मोकळे आहेत, जो ढिला तो सुटणार. म्हणून बाहेरचा आटा क्लिपमध्ये पक्का करायचा. क्लिप धातूची असेल तर निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, एक थेंब पुरे. प्लास्टिकच्या क्लिपला ते लावू नका, त्याने काही प्लास्टिकला बारीक तडे जातात. तिथे टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या. टेपबद्दल एवढं स्पष्ट सांगतो: बरोबर आटा घट्ट करायला टेप चालते, चुकीचा आटा बसवायला नाही. त्या कीर्तनात मी दुसरं केलं होतं.

बुश अडकली तर जोर लावण्याआधी कुठला धातू बाहेर आहे ते बघा. पितळ तापलं की पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, साधारण दीडपट. पितळी टोपी पोलादी खिळ्यावर अडकली असेल तर कढत पाण्यात फडकं बुडवून टोपीभोवती धरा, ती सैल होते. पितळी बुश पोलादी क्लिपच्या आत अडकली असेल तर हेच केल्याने ती आणखी आवळते. तिथे उलट, बर्फ घेऊन बुश गार करा. प्लास्टिकच्या क्लिपमधली बुश कोमट पाण्याने सुटते, कारण प्लास्टिक पितळेपेक्षाही जास्त फुगतं. कोमटच, उकळतं नाही. आटे घालताना मात्र जोराची गरजच पडू नये: क्लिप स्टँडवर सरळ ठेवून आधी उलटी फिरवा, आट्याचं तोंड आट्यावरून खाली पडल्याचा बारीक 'टक्' लागतो, मग सुलटी फिरवा. २७ च्या आट्यांना ही सवय हवीच. आमच्या कापडवाल्यांत सुईत दोरा ओवताना जेवढा धीर धरतात तेवढाच इथे धरायचा.

मला बुश हवी होती तेव्हा बाजारात नव्हती, आणि ऑनलाईन मागवली तर आठवडा जाणार होता. काकांनी लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्या मामांकडे पाठवलं. सोलापुरात हे एक सुख आहे. इथे मिल होत्या, मग लूम आले, आणि त्यांच्याबरोबर कुठलाही मोडका भाग बघून नवीन कातणारे हात आले. मामांनी क्लिप बघितली, पात्यांचं गेज लावलं आणि म्हणाले, 'सत्तावीस. हे रोज येत नाही.' लेथवर आटे पाडताना यंत्राचा मुख्य स्क्रू आणि फिरणारा नग यांच्यामध्ये दातेरी चाकं लावून गुणोत्तर जमवतात. त्यांच्या लेथचा मुख्य स्क्रू इंचाला ४ आट्यांचा. म्हणजे चाकांनी ४ ला २७ हे प्रमाण यायला हवं. त्यांनी फळ्यावर खडूने मांडलं: वीस दात्यांचं चाक पंचेचाळीसवर, तीसचं नव्वदवर. वीस भागिले पंचेचाळीस, गुणिले तीस भागिले नव्वद, बरोबर ४/२७. चाकं बदलायलाच अर्धा तास गेला, म्हणून त्यांनी एक नाही, सहा बुशी कातायला लावल्या. 'एवढी मांडणी केली आहे तर एकावर थांबू नका,' म्हणाले. आतले तीन सूती आटे मात्र त्यांनी साध्या टॅपने दोन मिनिटांत मारले, कारण तो टॅप त्यांच्या टेबलावर रोजच पडलेला असतो. एकाच बुशीत बाहेर अर्ध्या तासाचा आटा आणि आत दोन मिनिटांचा. माझं तीन सूताचं धोरण तिथेच पक्कं झालं.

मंडळाचा एक जुना, बिडाच्या जड बुडाचा स्टँडही त्यांना दाखवला. वरचे २७ चे आटे वर्षानुवर्षं वाकड्या बसवलेल्या क्लिपांनी गुळगुळीत झालेले. तिथे नवे २७ पाडायला धातूच उरला नव्हता. मामांनी खराब झालेलं टोक कापलं, नळीच्या आत बसेल असा पोलादी गट्टू कातला, त्यात तीन सूती स्टड बसवला आणि आडवी पिन ठोकून नळीत पक्का केला. स्टँड बोटभर आखूड झाला, एवढंच. उद्या तो स्टड झिजला तर पिन काढायची आणि दुकानातला दुसरा घालायचा.

राहता राहिला दोन सूती कॅमेऱ्याचा आटा. भजनाचं रेकॉर्डिंग करायला मोबाईल किंवा रेकॉर्डर माईकच्या स्टँडवर लावायचा असेल तर खाली तीन सूताचं भोक आणि वर दोन सूताचा खिळा असलेला जोड लागतो, तो कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो. उलट, मोठ्या ट्रायपॉडवर माईकची क्लिप लावायची तर ट्रायपॉडचा खिळा अनेकदा तीन सूतीच असतो, मग आपली बुश घातलेली क्लिप सरळ बसते. एक काळजी घ्या. कॅमेरा आणि रेकॉर्डरच्या बुडाचं भोक उथळ असतं. पाच मिलीमीटरपेक्षा जास्त लांब स्क्रू आत घालून पिळला तर तो तळाला टेकतो आणि आतलं प्लास्टिक फोडतो. हार्डवेअरचा लांब बोल्ट तिथे नकोच. दोन सूती आट्याचे पाच मिलीमीटर म्हणजे चारच वेढे. चार वेढ्यांनंतर स्क्रू सैल वाटला तर मध्ये वॉशर घाला.

आता माझ्या डब्यात प्रत्येक क्लिपच्या बुडाला नेलपेंटचा ठिपका आहे. लाल म्हणजे आत बुश बसवलेली, तीन सूताला तयार. ठिपका नाही म्हणजे मोकळी, पाच सूत. मामांनी कातलेल्या सहा बुशींपैकी पाच क्लिपांत गेल्या. सहावी पिक ग्लासच्या डबीत ठेवली आहे. तो पिक ग्लास काकांनी मला देऊन टाकला, स्वतःसाठी दुसरा घेतला. पुढच्या एकादशीला त्याच बुवांचं कीर्तन आहे, स्टँड काल बसवून बघितला: क्लिप सहा वेढे, सरळ.